तिथीची पाऊणपट

अलिबागला जायचं ठरलं की आमच्या घरात आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली येतं. रजा, खोली, लाँच हे सगळं नंतर. आधी तिथी बघायची. समुद्राकाठच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपण किनाऱ्यावर केव्हा असावं हे ठरवायला एवढं पुष्कळ झालं.

आम्ही शक्यतो वद्य द्वितीया-तृतीया धरतो. पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाण भरात असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब ओसरतं. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायला याहून सोयीची वेळ नाही: ऊन चढलेलं नसतं, पोटात चहा गेलेला असतो आणि वाट उघडी पडलेली असते. अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी फारसं चढत नाही तसं फारसं उतरतही नाही, आणि किल्ल्याकडे जायला होडी करावी लागते. नवरा मात्र पौर्णिमेच्या बाजूचा. पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. सूर्य बुडताना ओली वाळू दूरवर पसरलेली असते आणि पाठीमागे माडांतून चंद्र वर येत असतो. त्याचंही खरंच आहे. मग आमची बोलणी चालतात. सहलीची सुरुवात मी त्या बोलण्यांपासून धरते.

गाडी नेणं आता फार सोपं झालं आहे. 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू आहे. गाडी बोटीच्या पोटात घालायची आणि तासाभरात पलीकडे उतरायचं. म्हातारे आईवडील बरोबर असतील, तान्हं मूल असेल, कुणाचं दुखणं असेल, तर ती सोय मोलाची आहे. पण दोघंच जाणार असाल तर गाडी घरी ठेवा, असं मी हात जोडून सांगेन. गाडीत दोघांतलं एक माणूस रस्त्याच्या स्वाधीन होतं. त्याची नजर समोर, हात चाकावर. दुसऱ्याने वळणं सांगायची, आणि वाट चुकली की ती कुणामुळे चुकली यावर पुढचे दहा किलोमीटर घालवायचे. लाँचवर आणि एसटीत दोघंही उतारू. दोघांनाही खिडकी बघता येते, दोघांनाही डुलकी घेता येते, आणि उशीर झालाच तर तो कुणा एकाचा नसतो.

गेटवेहून मांडव्याला लाँचने साधारण तास लागतो. थोडे जास्त पैसे देऊन वरच्या उघड्या डेकवर बसावं. दोर सुटला, खलाशाने तो ओढून गोळा केला, की ताजमहाल हॉटेल आणि गेटवे मिळून एक चित्र होतं आणि हळूहळू लहान होत जातं. नौदलाच्या करड्या नौका मागे पडतात, उजवीकडे कुलाब्याच्या टोकापलीकडे प्रॉंग्जचं दीपगृह उभं असतं, आणि नांगरलेल्या मोठ्या जहाजांच्या मधून आपली लाँच वाट काढते. थंडीत पांढरे कुरव पक्षी बरोबर येतात. ते अगदी कठड्याच्या उंचीवर तरंगत असतात; पंख हलवत नाहीत, फक्त मान वळवून आपल्या हाताकडे पाहतात. लोक त्यांना गाठ्या आणि वेफर्स टाकतात. टाकू नयेत. तेलामिठाचं खाणं त्यांचं नव्हे, आणि काही दिलं नाही तरी ते बराच वेळ येतच राहतात. त्या तासात आम्ही फार बोलत नाही. इंजिनाच्या आवाजात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, म्हणून मोजकंच आणि कामाचं नसलेलं बोलणं होतं. पावसाळ्यात गेटवेची ही लाँच बंद असते. सप्टेंबर उजाडला की पुन्हा सुरू होते.

लाँचच्या काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, त्यामुळे धक्क्यावर घासाघीस करावी लागत नाही. किहीमला राहायचं असेल तर वाटेत चोंढीला उतरायचं. माझा जीव किहीममध्ये आहे, आणि त्यामागे एक जोडपं आहे. सालिम अली जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन 1930 मध्ये परतले तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी उरली नव्हती. दुसरी मिळेना. ते आणि तहमीना किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली तिच्याकडे पाहत बसले, रोज, लागोपाठ, आणि तोवर कुणाच्या नीटसं ध्यानात न आलेली गोष्ट त्यांनी टिपली. नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडलं तर ती त्यात राहते, नर ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो. नोकरी गेलेल्या माणसाने घरट्यांकडे पाहत दिवस काढावेत आणि बायकोने त्याच्या त्या पाहण्याला घर द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. पावसाळा सरल्यावर किहीमला गेलात तर रिकामी घरटी वाऱ्यावर हलताना दिसतील. त्यांच्याखाली जरा थांबा.

अलिबाग गाव पायीच बघायचं. स्टँडपासून समुद्र जवळ, बाजार जवळ, कान्होजी आंग्र्यांची समाधीही गावातच. याच गावात पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून 1904 मध्ये इथे नवी वेधशाळा उभारली, चुंबकाला न ओढणारं सामान वापरून. वाहनांच्या गडबडीपासून दूर असलेलं गाव म्हणून त्या काळी अलिबाग निवडलं गेलं. आज शनिवारी दुपारी नागाव-आक्षीच्या अरुंद रस्त्यांवर समोरासमोर अडकलेल्या गाड्या पाहिल्या की मला ती वेधशाळा आठवते आणि वाईट वाटतं. वाड्यांमधले ते रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. काहीजण तर गाडी थेट पुळणीवर घालतात. चाकं रुततात, मग गावातली पोरं धावून येऊन ती काढतात, आणि त्या चाकांखाली खेकड्यांची बिळं असतात.

आता किल्ल्याची वाट. किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटर असेल. ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि पाणी परतायच्या आत माघारी यावं. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारलं तर ते बरोबर वेळ सांगतात, आणि त्यांचं ऐकावं. सुरुवातीला घट्ट वाळू लागते, तिच्यावर पाण्याने सोडलेल्या बारीक रेघा. मग काळे खडक, हिरवं शेवाळ आणि खडकाला चिकटलेली कालवं. अनवाणी चालू नये, कालवांच्या कडांनी तळवा कापतो. मधल्या एका पट्ट्यात पोटरीभर पाणी उरलेलं असतं, आणि त्याला ओढ असते. तिथे हात धरावाच लागतो. आम्ही चारचौघांत हात धरणारी माणसं नव्हे. तिथे मात्र पलीकडे पोचल्यावरही तो सोडायचं लक्षात राहत नाही. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे आणि त्याच्यासमोर पुष्करणी. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत गोडं. मी पायरीवर बसते, तो तटावर चढून पाण्याचा अंदाज घेतो.

राहायला घरगुती सोय बघावी. वाडीतली एखादी खोली, बाहेर पडवी, आणि जेवणाचं सकाळीच सांगून ठेवायचं. सकाळी घावणे, दुपारी तांदळाची भाकरी, ताजा बोंबील आणि सोलकढी. थंडीत गेलात तर पोपटीची चौकशी कराच. वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, हवी तर अंडी किंवा चिकन. मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला दाबून भरतात, मडकं शेतात उपडं घालतात आणि त्यावर पेंढा-पालापाचोळा रचून पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. ते टेकताक्षणी उडालं तर झाली. मग राखेने काळे झालेले हात, कडवट रानवासाच्या शेंगा, आणि घरच्या काकू ओरडतात, "आधी शेंगा खा गं, अंडी कुठे पळत नाहीत!"

सामान एवढंच घ्यावं की एसटीत चढताना कुणाची मदत लागू नये. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड अशी एसटी जाते. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कंडक्टर आमच्याकडे एकदाच पाहतो आणि म्हणतो, "एक फुल, एक हाफ." वाचलेल्या पैशांची शहाळी होतात, आणि ती मी पाजते. काशीदच्या अलीकडे रस्ता समुद्राला इतका चिकटतो की डाव्या बाजूला बसलेल्यांची माना वळवून पंचाईत होते. जाताना उजवीकडची खिडकी धरावी.

ज्यांच्याकडे आणखी एक मुक्काम आहे त्यांनी मुरूडहून आगरदांड्याला जावं. तिथून दिघीला जंगलजेटी, म्हणजे फेरीबोट, जाते. गाड्याही नेते, पण पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ. पलीकडून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. एसटीच्या फेऱ्या कमी आहेत, तेव्हा परतीची गाडी उतरल्याउतरल्या स्टँडवर विचारून घ्यावी. हरिहरेश्वराला काळभैरवाच्या देवळामागून खडकांवरची प्रदक्षिणा आहे, ती ओहोटीलाच करायची. भरतीत तिथे लाटा अंगावर येतात आणि माणसं ओढली गेली आहेत, म्हणून वेळेची चूक अजिबात करू नये. येत्या माघात वद्य पक्षातले मधल्या वारांचे दिवस मी बघून ठेवले आहेत. रजेचा अर्ज त्याने भरायचा आहे, खोलीवाल्यांना फोन मी करायचा आहे.