भरताचा बाण

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या हल्ल्याचा दुसरा दिवस. श्रीनगरहून उडालेले वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगाम येथे कोसळले. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह सहा वायुसैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी मुलांना आवेशाने सांगितले, "शत्रूने घात केला!"

४ ऑक्टोबरला वायुदलप्रमुख भदौरिया यांनी मान्य केले, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. ती मोठी चूक होती. वृत्त वाचून मी ओशाळलो. मुले माझे बोलणे विसरलीही असतील. मग ते कशाला उकरावे?

दुसऱ्या दिवशी शनिवार. जामसांवलीला निजलेल्या मारुतिरायापुढे हात जोडले आणि तुलसीदासांचा प्रसंग आठवला. जखमी लक्ष्मणासाठी औषधीचा पर्वत घेऊन आकाशमार्गे निघालेला हनुमंत! अयोध्येवर त्याला राक्षस समजून बाण मारला, तो भरताने.

दसऱ्याच्या सुटीनंतर प्रार्थनेत मी म्हणालो, "बाळांनो, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचे सांगितले." मग भरताची कथा सांगितली. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग भरत वाईट होता का?"

"नाही बाळ. रामनाम कानी पडताच तो धावत गेला, रडला, आणि हनुमंताला आपल्या बाणावर बसवून लंकेस पाठवायला सिद्ध झाला."

आम्ही सात जणांसाठी मौन पाळले. फेब्रुवारीत त्या सातव्या नागरिकाचा मी उल्लेखही केला नव्हता.