लेटनचे मॅनेजर आणि आमचे भाई

2019च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे लंडनला होतो. निमित्त क्रिकेटच्या विश्वचषकाचे. फुटबॉलशी माझा संबंध म्हणाल तर शाळेत मास्तर असताना पोरांनी फोडलेल्या काचा मोजण्यापुरता. रमजान तिथेच गेला, ईदही तिथेच झाली. ईदच्याच आठवड्यात, 8 जूनच्या शनिवारी, मुलगा फोनकडे बघत एकदम गप्प झाला. म्हणाला, "अब्बा, आमचे मॅनेजर गेले." मला वाटले, त्याच्या ऑफिसातले साहेब. मी विचारले, "मुलेबाळे किती होती त्यांना?" तेव्हा कळले, हे मॅनेजर कचेरीतले नव्हेत, लेटन ओरिएंट या फुटबॉल क्लबचे. नाव जस्टिन एडिनबरा. वय फक्त 49.

ज्या माणसाशी मुलगा आयुष्यात एक शब्द बोलला नव्हता, त्याच्यासाठी त्याने त्या रात्री जेवण टाकले. दुसऱ्या दिवशी ओव्हलवर भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले, तर मी टाळ्या वाजवल्या आणि हा नुसता बसून राहिला. खरे सांगायचे तर मला थोडा रागच आला. माझे सख्खे भाऊ गेले तेव्हा हा पोरगा दहा वर्षांचा होता आणि तिसऱ्या दिवशी विटीदांडू खेळत होता.

तिकडे मॅनेजर म्हणजे संघाचा सर्वेसर्वा. कोणाला खेळवायचे, कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, सगळे त्याच्याकडे. जिंकले तर खेळाडू जिंकतात, हरले की मॅनेजर हरतो. मँचेस्टर, लिव्हरपूल असल्या मोठ्या क्लबांची नावे आपल्याकडची पोरेही घेतात. ओरिएंट त्यातला नव्हे. पूर्व लंडनमधल्या लेटन भागातला हा जुना, गरीब क्लब. त्याच्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांत राहत्या इमारती आहेत. सामना सुरू झाला की माणसे घराच्या बाल्कनीत येऊन फुकट बघतात. ते बघून मला आमच्या गावचे मोहल्ले आठवले.

नावाची गंमत मुलाने सांगितली. 1888मध्ये क्लबला हे नाव दिले गेले, ते ओरिएंट या बोटकंपनीवरून. तिथे नोकरीला असलेल्या एका खेळाडूने ते सुचवले. पुढे ती कंपनी पी. अँड ओ.मध्ये मिसळली. पी. अँड ओ. म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझे वडील त्याच कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. बाणकोट खाडीच्या काठच्या आमच्या गावात त्या काळी घरटी एक माणूस दर्यावर असे. अब्बांनी लंडनची गोदी पाहिली होती, लेटन पाहिले नव्हते. नात्याचा हा धागा बारीक आहे, हे मला कळते. पण परक्या मुलखात माणूस असलेच धागे धरतो.

ओरिएंटची त्याआधीची वर्षे फार वाईट गेली होती. 2014मध्ये एका परदेशी धनिकाने क्लब विकत घेतला. मॅनेजर एकामागून एक बदलले गेले. 2017मध्ये क्लब इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला गेला. 1905पासूनची जागा, 112 वर्षांची, गेली. खाली पाचव्या पायरीवर आल्यावरही घसरण थांबेना. मालक बदलले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एडिनबरा आले.

मोठा खेळाडू म्हणून त्यांचे नाव होतेच. टॉटनहॅमसाठी दहा वर्षे ते डाव्या बाजूला बचाव सांभाळत. 1991चा एफ. ए. कप त्यांनी जिंकला. 1999च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात त्यांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढले, तरी दहा जणांच्या संघाने तो कपही जिंकला. पण छोट्या क्लबांचे लोक त्यांना मॅनेजर म्हणून आठवतात. वेल्समधल्या न्यूपोर्ट काउंटीला त्यांनी 2013मध्ये, 25 वर्षांनंतर, लीगमध्ये परत नेले होते. न्यूपोर्ट तर मधल्या काळात बुडून पुन्हा उभा राहिलेला क्लब. बुडालेल्यांना काठावर आणायचे काम ओरिएंटसाठी त्यांनी पुन्हा केले. 27 एप्रिल 2019 रोजी शेवटचा सामना बरोबरीत सुटला, एकही गोल झाला नाही, पण ओरिएंट पहिला आला. लोक मैदानात उतरून नाचले. मुलगाही त्यात होता.

त्या दिवसापासून 8 जूनपर्यंत बेचाळीस दिवस होतात. मी मोजले. आपल्याकडे मयतानंतर चाळीस दिवस मोजतात, इथे आनंदाचेच तेवढे भरले.

तीन ऑगस्टला लीगमधला पहिला सामना होता, चेल्टनहॅमशी. मुलाने माझेही तिकीट काढले. मैदानाच्या बाहेर फुले, लाल मफलर, चिठ्ठ्या. दुसऱ्या क्लबांचे मफलरही होते. सामन्याआधी सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मरण पावलेल्या माणसासाठी टाळ्या! मला ते विचित्र वाटले. हात उचलून दुवा मागावी, मान खाली घालावी, एवढेच मला ठाऊक. पण शेजारचे म्हातारे गृहस्थ टाळ्या वाजवत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मग मीही वाजवल्या. ओरिएंट तो सामना एका गोलने जिंकला.

हे गृहस्थ लहानपणी वडिलांचे बोट धरून इथे येत. मध्यंतरात चहाचा कप हातात धरून ते जस्टिनबद्दल बोलू लागले ते थांबेनात. निव्वळ स्तुती नव्हती. मे महिन्यात वेम्बलीवर फाइल्डसारख्या संघाशी ट्रॉफीचा अंतिम सामना हरले, त्याचा राग त्यांच्या पोटात तसाच होता. "त्याला भेटेन तेव्हा विचारणार आहे," म्हणाले. मागच्या रांगेतला एक तरुण त्यावर भांडायला उठला. दोघेही मेलेल्या माणसाबद्दल असे तावातावाने बोलत होते, जणू तो आत कपडे बदलत बसला आहे.

मला त्यांचा हेवा वाटला. का, ते सांगतो.

एडिनबरा 3 जूनला व्यायामशाळेत कोसळले. याला हृदयविकाराचा झटका म्हणत नाहीत. झटक्यात हृदयाचा रक्तपुरवठा अडतो, बऱ्याचदा माणूस बोलत असतो, दवाखान्यात पोचतो. यात हृदयाचे विजेचे गणितच बिघडते आणि ठोका बंद पडतो. अशा वेळी लगेच छाती दाबत राहणे आणि डिफिब्रिलेटर नावाच्या यंत्राने विजेचा धक्का देणे, हे दोनच उपाय. काही केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. त्या व्यायामशाळेत ते यंत्र नव्हते. पुढे घरच्यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली, जर्सीच्या तीन नंबरवरून तिला जेई-थ्री म्हणतात. अशा प्रत्येक ठिकाणी यंत्र असलेच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून ते झटत आहेत.

हे सगळे मुलगा मला समजावत होता आणि माझ्यासमोर 1997चा मे महिना उभा राहिला. भाई आमच्या गावच्या कबड्डी संघाचे शिक्षक. ग्रामपंचायतीत कारकून, पण जीव मैदानावर. फक्की स्वतः मारायचे, रेघ वाकडी गेली की पुसून परत मारायचे. स्पर्धेच्या दिवशी शिट्टी फुंकता फुंकता खाली पडले. कोणी म्हणाले फिट आली, कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल. मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन तळपाय चोळायला सांगत होतो. ट्रॅक्स यायला पाऊण तास लागला. मी शिकलेला माणूस, मास्तर. शरीरशास्त्राचा धडा शिकवायचो. छातीवर हात ठेवला तो ठोका बघायला, दाबायला नाही.

बावीस वर्षे ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. भाईंचे नाव निघाले की मी उठून जात असे. घरच्यांना ते कळले आणि त्यांनी नाव काढणे सोडले. मुलाला तर आपले चाचा कबड्डी शिकवत, हेसुद्धा नीट माहीत नव्हते. त्या संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याने चालता चालता मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. माझी पिशवी तेवढी हातातून घेतली.

आता लेटनच्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडला एडिनबरांचे नाव आहे. 2023मध्ये ओरिएंट आणखी एक पायरी वर चढला. फोन करून मुलगा म्हणाला, "अब्बा, आज जस्टिन हवे होते."

आमच्या गावच्या मैदानाला कोणाचे नाव नाही. अर्ध्यावर पाण्याची टाकी बांधली आहे. लंडनहून परतल्यावर मी भाभींकडे गेलो. म्हटले, "भाभी, भाईंबद्दल काहीतरी सांगा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग हसल्या. "तुमचे भाई? हरून आले की दोन-दोन दिवस घरात कुणाशी बोलायचे नाहीत. भाकरी थापून थापून माझे हात दुखायचे, अख्खा संघ जेवायला घेऊन यायचे, आणि भाजीत मीठ जास्त झाले तर सगळ्यांसमोर सांगायचे." बोलत राहिल्या. मगरिबची अजान झाली तेव्हा कुठे थांबल्या. निघताना म्हणाल्या, "शिट्टी पेटीत आहे. दोरी कुजली होती, मी बदलली."