लॉगिन फेल्ड!

"तू तिकडे नक्की काम काय करतोस?" असं भारतातून कोणी विचारलं की मी हल्ली सरळ "वॉचमन आहे" म्हणून सांगतो. आईला हे अजिबात आवडत नाही. पण डेटाबेस सांभाळणाऱ्याचा निम्मा दिवस याच कामात जातो. कोणाला आत सोडायचं, आणि आत सोडलेल्याने कुठल्या कपाटाला हात लावायचा नाही.

आपल्याकडची सोसायटी डोळ्यासमोर आणा. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव असलं की तुम्ही आत येता. म्हणून कोणाच्याही फ्लॅटमध्ये शिरता येत नाही. त्या फ्लॅटवाल्यांच्या यादीतही तुमचं नाव लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अगदी हेच. गेटवरच्या नोंदीला लॉगिन म्हणतात, फ्लॅटमधल्या नोंदीला यूझर. दोन्हीकडे नाव एकच दिसतं, पण सर्व्हर नावाकडे बघतच नाही. तो बघतो नावामागचा एक लांबलचक नंबर, एसआयडी. (इथे आल्याआल्या सोशल सिक्युरिटी नंबरासाठी ज्याने रांग लावली आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.)

तर झालं असं की, २०१८ साली मी छोट्या धंद्यांच्या पगाराची कामं करून देणाऱ्या एका कंपनीत होतो. तिथला सर्व्हर २००८ आर-टू, म्हणजे आमच्या धंद्यात आजोबाच. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट त्याचा सपोर्ट बंद करणार होतं, म्हणून एका शनिवार-रविवारी दुसऱ्या टीमने सगळे डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवले. बॅकअप घेतला, तिकडे उतरवला, लॉगिनं हाताने नव्याने तयार केली. आणि सोमवारी सकाळी पगाराचा प्रोग्रॅम ठप्प. पडद्यावर दोनच शब्द, "लॉगिन फेल्ड". शुक्रवारी लोकांच्या खात्यात पगार पडायचे तर फाइल बुधवारी बँकेत पोचायला हवी होती. इथे बऱ्याच जणांचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो, आणि घरभाडं, गाडीचा हप्ता सगळं त्या शुक्रवारावर बेतलेलं असतं.

मी जागेवर पोचेपर्यंत चार वेळा पासवर्ड बदलून झाला होता! हे दोन शब्द दिसले की प्रत्येकाचा हात आधी पासवर्डकडेच जातो. पण हा निरोप मुद्दामच मोघम ठेवलेला असतो. सर्व्हर बाहेरच्याला १८४५६ हा एरर नंबर आणि "स्टेट १" एवढंच कळवतो. नाव चुकलं की पासवर्ड, हे सांगितलं तर चोराचं निम्मं काम झालं. (व्हिसा नाकारल्यावर कॉन्सुलेटच्या खिडकीतून मिळणारा छापील कागद आठवतो का कोणाला?) खरं कारण सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतं. तिथे स्टेट ५ असेल तर त्या नावाचं लॉगिनच नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ३८ असेल तर पाहुणा गेटमधून आत आला पण मागितलेला डेटाबेस उघडला नाही. आमच्याकडे ओळीने ३८. बिचाऱ्या पासवर्डचा काही संबंधच नव्हता.

हाताने नवं लॉगिन केलं की नाव तेच राहतं, नंबर मात्र नवा पडतो. डेटाबेसच्या यादीत बॅकअपबरोबर आलेला जुना नंबर. अशा यूझरला 'ऑर्फन्ड', म्हणजे अनाथ म्हणतात. 'अल्टर यूझर'ची एक ओळ लिहून दोघांची गाठ पुन्हा बांधली आणि प्रोग्रॅम चालू झाला. लॉगिन करताना जुना नंबर सोबत दिला असता तर तेही लागलं नसतं. असो.

कॉफी घ्यायला उठलो तर पगार खात्यातल्या एक बाई टेबलाशी उभ्या. साठीला टेकलेल्या, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. दारं वगैरे सगळं उघडत होतं, पण पगाराचा तक्ता उघडायला गेलं की परवानगी नाही. शेजारणीला मात्र तो दिसत होता.

हळू आवाजात म्हणाल्या, "मला काढलंय का? तसं असेल तर आत्ताच सांग."

मला आधी उलगडाच होईना. मग लक्षात आलं. इथे बऱ्याच ठिकाणी नोकरी जाते ती अशीच. आधी सकाळी लॉगिन चालत नाही, मग एचआरचा माणूस रिकामं खोकं घेऊन येतो. माझ्यासारख्या एच-वन-बीवाल्याला २०१७ पासून निदान जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत तरी आहे, पण नंतर देश सोडायचा. बाईंना देश सोडायचा नव्हता, पण नवऱ्याची औषधं त्यांच्या नोकरीच्या विम्यावर चालू होती.

सर्व्हरला विचारलं, ह्या बाई कुठकुठल्या ग्रुपमधून येतात? दोन ग्रुप निघाले. एक पगार खात्याचा. दुसरा कंत्राटी कामगारांचा, आणि त्याला तो तक्ता 'डिनाय' केलेला, कारण त्यात लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये परवानग्यांची बेरीज होते, पण दहा जण हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला तर उत्तर नाही. बाई दोन वर्षांपूर्वी कंत्राटावरून कायम झाल्या होत्या. जुन्या यादीतून त्यांचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

मग इतके दिवस चाललं कसं? जुना सर्व्हर अजून जिवंत होता, तिथे बघितलं. कोणीतरी वैतागून त्यांना चक्क सिसॅडमिन करून ठेवलं होतं! सिसॅडमिनला डिनाय लागूच होत नाही. हा मान सर्व्हरचा असतो, डेटाबेसच्या बॅकअपमधून येत नाही, म्हणून तो जुन्या मशीनवरच राहिला.

साहेब म्हणाले, "होतं ना पूर्वी? मग दे परत, पाच मिनिटांचं काम." मी नाही म्हटलं. सगळ्या सोसायटीच्या किल्ल्या, वर भिंती पाडायचाही अधिकार, आणि तो कशासाठी, तर एका कपाटासाठी? शिवाय उद्या काही बिघडलं असतं तर बोट पहिलं बाईंकडे गेलं असतं. साहेब थोडा वेळ धुमसले. शेवटी कंत्राटी ग्रुपमधून नाव काढायचा अर्ज त्यांनीच सही करून पाठवला, आणि दोन वाजता नाव निघालं.

तरी तक्ता उघडेना. कारण आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत याची चिठ्ठी विंडोज सकाळी लॉगिनच्या वेळेलाच खिशात घालून देतं. नवी चिठ्ठी हवी तर लॉगऑफ करून परत यायचं.

"आणि परत आत नाही येता आलं तर?" बाईंनी विचारलं.

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्यांनी लॉगऑफ केलं. मग पासवर्ड एका बोटाने, एकेक अक्षर बघत टाइप केला. डेस्कटॉप आला. तक्ता उघडला. माझ्याकडे न बघताच त्यांनी सकाळपासून पडून राहिलेले ओव्हरटाइमचे कागद पुढे ओढले.

बुधवारची फाइल मंगळवारी संध्याकाळीच गेली.