चोवीस चौकोनांची गोधडी



चातुर्मासात कपाटं आवरायला घेतली की प्रत्येकीच्या घरी एक गठ्ठा निघतोच. सासूबाईंच्या मऊ झालेल्या सुती साड्या, कॉलर विरलेले शर्ट, जुनी धोतरं. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. पूर्वी याची गोधडी व्हायची. यंदा आमच्या कात्रजच्या सोसायटीत ती पुन्हा झाली, फक्त वरची नक्षी पाठशाळेतल्या मुलांनी काढली. वॉचमनदादांच्या घरी मुलगी झाली होती, तिला ही द्यायची असं मुलांनीच ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडेही करता यावी म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. बी.कॉम. झालेली बाई दुसरीकडून कुठून सुरुवात करणार? चित्रांसाठी पांढरा मांजरपाट घ्या. शिवून झाल्यावर 10 इंचांचा चौकोन हवा असेल तर 11 इंचांचा कापायचा, कारण चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो. 36 इंच पन्ह्यात आडवे 3 बसतात. 24 चौकोनांना 8 ओळी, म्हणजे 88 इंच. कापड आटतं, म्हणून अडीच मीटर घ्या. 4 बाय 6 मांडले की 40 बाय 60 इंचांची गोधडी होते. बाळाला आधी अंथरायला, मग पांघरायला. कापण्याआधी कापड धुवाच. खळ राहिली तर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो.

आतल्या थरांना जुन्या सुती साड्या. एकीने हौसेने रेशमी साडी आणली होती, ती परत पाठवली. कोश उकळत्या पाण्यात टाकून काढलेला तो धागा. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली तो कशाला?

चौकोन 24 म्हटल्यावर मुलं लगेच ओरडली, "चोवीस तीर्थंकरांची लांछनं काढू!" सगळी तोंडपाठ. ऋषभदेवांचा बैल, संभवनाथांचा घोडा, मुनिसुव्रत स्वामींचं कासव, महावीरांचा सिंह. उत्साह पाहून बरं वाटलं, पण नाही म्हटलं. गोधडी पायाखाली येणार, बाळ ती ओली करणार, मग ती बादलीत आपटली जाणार. तिच्यावर भगवंतांची ओळख काढणं म्हणजे आशातना. मुलांना हे पटलं. एकाने मात्र विचारलं, "मग कासव काढायचंच नाही का?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तळ्यातलं कासव काढ. लांछन म्हणून नको, नाव लिहू नकोस. वाघ, साप, हरीण हे आपले शेजारीच आहेत.

आणि खरंच आहेत! राजीव गांधी प्राणिसंग्रहालय जवळच, 1986 साली सुरू झालेलं सर्पोद्यान त्यातच. त्यामुळे पाच चौकोनांत साप आले. दोघांनी कात्रजचा बोगदा काढला, एकीने दुधाची पिशवी, एकाने बस. तळं चौघांनी काढलं. पेशव्यांच्या काळात याच तळ्याचं पाणी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत जायचं हे सांगितल्यावर एका मुलीने तळ्यातून थेट वाड्याच्या दारापर्यंत निळी रेघ ओढली. चार तळी, चारही वेगळी. अनेकांतवाद शिकवायला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

आता कृती. पुठ्ठ्यावर काचपेपर ठेवा, त्यावर कापड ताणून चारी बाजूंना मास्किंग टेप लावा. काचपेपरमुळे कापड सरकत नाही आणि रंग छान धरतो. शिवणीचा अर्धा इंच पेन्सिलने आखून द्या, नाहीतर वाघाची शेपटी शिवणीत जाते. साधे मेणखडू दाबून फिरवायचे. मग चौकोन दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून मोठ्यांनी इस्त्री करायची. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. मेण कागदात जातं, रंग कापडावर राहतो. हवी तर वरून फॅब्रिक पेनने रेघ गडद करावी, पण ती मुलाने स्वतःच. जाड रंग टाळा, वाळल्यावर कडक होतो आणि बाळाला टोचतो. गोधडी पुढे गार पाण्यात, हलक्या हाताने धुवा. थोडा रंग फिका होणारच.

सगळ्यात कठीण काम आयांचं. हात मागे ठेवणं.

एका मुलाची आजी वैशाखात गेली. त्याच्या आईने आजीच्याच साड्या थरांसाठी दिल्या होत्या. त्याने मोठं घड्याळ काढलं, बाकी काही नाही. 7 उलटा, 3 उलटा. कुणीतरी म्हणालं, आजीचा चेहरा काढ ना. तो म्हणाला, "आजी सामायिकात असली की माझ्याकडे बघायचीच नाही. मी घड्याळ बघायचो." 48 मिनिटं झाली की आजी उठायची आणि गूळपापडी द्यायची. आईने पुसट आवाजात विचारलं, "काकू, आकडे सरळ करून देऊ का?" मी नको म्हटलं. ते घड्याळ त्याने जसं पाहिलं तसंच होतं.

मग तिने दुसरं विचारलं, जे जास्त अवघड होतं. हा चौकोन घरी ठेवू का? तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाने ऐकलं आणि सहज म्हणाला, "राहू दे गं, मी दुसरं काढेन."

अपरिग्रहावर इतकी प्रवचनं ऐकली आपण. मूल चित्र काढतं आणि हात मोकळे करतं. धरून ठेवतो ते आपण. आधी आपल्याला त्याची रेघ आपल्यासारखी करायची असते, मग ती आपल्या कपाटात ठेवायची असते. दोन्ही सोडलं की चित्र त्याचं राहतं आणि ऊब दुसऱ्याची होते.

शिवायला आम्ही सहा जणी बसलो. चौकोन मशीनवर जोडले, थर पसरले, कच्च्या टाक्यांनी टाचले आणि कडेपासून आत धावदोरा घालत गेलो. गाठी थरांच्या आत लपवायच्या, बाळाच्या अंगाला लागता कामा नयेत. मणी, टिकल्या, बटणं अजिबात नाहीत. घड्याळाभोवतीचा धावदोरा त्याच्या आईने घातला, गोल, बारीक, अगदी रेघेला धरून.

तुमच्या गठ्ठ्यात काय निघालं ते बघा. चौकोन 24च हवेत असं नाही. चार मुलं असतील तर चारांची उशीची खोळही होते. फक्त एक करा. गोधडी कुणाला द्यायची हे मुलांना पहिल्या दिवशीच ठरवू द्या. मग चित्रं त्या माणसासाठी निघतात आणि देताना कुणाचाच हात अडत नाही.

जय जिनेंद्र!