दात न बघता घेतलेली शेळी

"नमस्कार सर, तुमची वेबसाइट पाहत होतो. छान आहे, पण गूगलवर दिसत नाही. पहिल्या पानावर आणून देऊ."

ज्यांचं दुकान, लॉज, रोपवाटिका, क्लास असं काहीही इंटरनेटवर आहे, त्यांना हा मेसेज आलाच असेल. मला आठवड्याला दोन-तीन येतात. २०२४ च्या जानेवारीत अशा एका मेसेजला मी हो म्हणालो आणि २१,००० रुपये घालवले. लाज वाटते म्हणून इतके दिवस बोललो नाही. पण परवा गावातल्या बचत गटाच्या ताई तसाच मेसेज घेऊन आल्या. पापड-शेवयांचं त्यांचं छोटंसं पान आहे. म्हणाल्या, "भाऊ, करावं का हे?" त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो.

वाशी तालुक्यात आमचं शेळीपालन आहे. शेळ्या उस्मानाबादी जातीच्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, बऱ्याचदा जुळी करडं देणाऱ्या. पैदाशीसाठी शेळ्या आणि बोकड विकतो. २०१९ साली भाच्याने वेबसाइट करून दिली, गूगल मॅपवर फार्म टाकला आणि नगर, नाशिक, कर्नाटकातून फोन यायला लागले. बरं चाललं होतं.

२०२३ ला पावसाने दगा दिला. त्या वर्षी सरकारने राज्यातले जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. कडबा विकत घ्यायची वेळ आली. आठवडी बाजारात जावं तर सगळेच विकायला आलेले. बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं तरच शेळ्या भावात जाणार होत्या. मेसेज आला तो नेमका या दिवसांत. अडलेला माणूस लवकर विश्वास ठेवतो.

मेसेजमध्ये माझ्या वेबसाइटचे तीन दोष दाखवले होते. मोबाइलवर पान हळू उघडतं. फोटोंना वर्णन नाही. आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं तरी वेबसाइटवर सगळीकडे उस्मानाबादच आहे. मी तपासलं. तिन्ही गोष्टी खऱ्या! म्हणलं, माणूस जाणकार दिसतोय. इथंच फसलो.

नंतर कळलं की असे दोष काढायला जाणकार लागतच नाही. वेबसाइटचा पत्ता टाकला की गती, फोटो, शीर्षकं यांचा अहवाल मशीन एका मिनिटात काढून देतं. गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' फुकट आहे, तुम्हीही करून बघा. मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटलाही त्यात लाल खुणा दिसतील. दोष नाही अशी वेबसाइट नसते आणि खोड नाही अशी शेळी नसते. गूगलने तर आपल्या मार्गदर्शक पानावर लिहून ठेवलंय की 'तुमची वेबसाइट सर्च इंजिनमध्ये दिसत नाही' असे मेल खुद्द गूगललाही येतात! म्हणजे दोष खरा निघाला म्हणून तो सांगणारा खरा ठरत नाही. बाजारात दलालही म्हणतो, "शेळीच्या खुराला लागलंय." लागलेलं असतंही. पण तो ते शेळीच्या काळजीने बोलत नसतो.

सौदा ठरला महिना ३,५०० रुपये, सहा महिने. "एक नंबरची गॅरंटी." सगळं बोलणं फोनवर, गोड हिंदीत. वेबसाइटचा पासवर्ड मागितला, दिला. मॅपवरच्या प्रोफाइलचा 'ओनर' करा म्हणाले, केलं. पहिल्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा छाती फुगली. एका शब्दप्रयोगाला माझा फार्म गूगलवर पहिला! दुसऱ्या महिन्यात असे चार शब्दप्रयोग. शिवाय परदेशी वेबसाइटवरून माझ्या पानाकडे येणाऱ्या दोनशे लिंका.

फोन मात्र कमी झाले.

उन्हाळ्याचे दिवस, चारा-पाण्याची बोंब, त्यामुळेही कमी झाले असतील. सगळं खापर एकावर फोडत नाही. पण मे महिन्यात भाचा पुण्याहून सुट्टीला आला आणि वेबसाइट उघडून बघतच राहिला.

"मामा, शेळी कुठं गेली?"

"म्हणजे?"

"उस्मानाबादी शब्दच नाही की कुठं! सगळीकडे 'धाराशिव शेळी' करून ठेवलंय."

नावाच्या राजकारणात मला जायचं नाही. जिल्हा धाराशिव झाला, आता पत्त्यावर तेच नाव यायला पाहिजे. पण शेळीच्या जातीचं नाव बदललेलं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे ही जात उस्मानाबादी म्हणूनच नोंदलेली आहे. नाशिकचा शेतकरी गूगलवर 'उस्मानाबादी शेळी किंमत' असंच टाकतो. ज्याने आयुष्यात एकदाही शेळीचं गिऱ्हाईक बघितलेलं नाही, त्याने बसल्या जागी जुना शब्द शोधून नवा टाकला, आणि माझ्या मालाचं नावच पुसलं.

मग भाच्याने 'सर्च कन्सोल' उघडलं. हेही गूगलचं आणि फुकटच. लोक काय शब्द टाकून आपल्या वेबसाइटवर आले ते त्यात दिसतं. आधीच्या महिन्यांत आलेले बहुतेक सगळे 'उस्मानाबादी' शब्दावरून आलेले होते, मराठीत नाहीतर इंग्रजीत. आणि ज्या शब्दप्रयोगाला मी पहिला आलो होतो? 'बेस्ट धाराशिव गोट फार्म इन वाशी महाराष्ट्र'. असं कोण शोधतं हो? आमच्या घरातही कुणी शोधणार नाही. तिथं पहिला येणं म्हणजे एकट्यानेच पळून शर्यत जिंकणं.

लिंकांचं तर आणखी वाईट. नंबर वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या, कुठूनही जमवलेल्या लिंका गूगल स्पॅम धरतं. २०१२ साली 'पेंग्विन' नावाचा बदल आणला तो त्यासाठीच. म्हणजे मी पैसे देऊन काडीचा फायदा नसलेली गोष्ट घेतली, नशीब वाईट असतं तर नुकसानही झालं असतं.

सहा महिने भरल्यावर मी बंद करतो म्हणालो, तर मॅपवरच्या प्रोफाइलची चावी त्यांच्याकडे. गिऱ्हाइकांनी चार-पाच वर्षांत लिहिलेले अभिप्राय तिथं, फोन नंबर तिथं. मला वेळ बदलायची तर परवानगी नाही. "पुढचे सहा महिने रिन्यू करा, मग देतो." भाच्याने गूगलकडे मालकीचा अर्ज केला, कागद जोडले, काही आठवड्यांनी प्रोफाइल परत मिळालं. २१,००० रुपये गेल्याचं दुःख आहेच, पण स्वतःच्याच गोठ्याला दुसऱ्याचं कुलूप बघून जास्त लागलं.

आता उलट बाजू, कारण न बोलावता आलेला प्रत्येक माणूस चोर असं म्हणणं चुकीचं होईल. त्याच वर्षी दिवाळीनंतर बार्शीकडचा एक पोरगा असाच न बोलावता आला. शेळ्या बघायला आलेल्या मित्रासोबत आला होता. म्हणाला, "काका, मी हेच काम करतो. एक विचारू? तुम्हाला फोन येतात ते कुठून येतात, आणि लोक पहिलं काय विचारतात?"

सहा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं: वय, वजन, दात, गाभण आहे का, पीपीआरची लस झाली का, गाडीने पाठवता का. तो म्हणाला, "मग हे पानावर कुठाय?" दोन दिवस गोठ्यात बसून त्याने फोटो काढले, प्रत्येक शेळीची माहिती लिहिली, जात 'उस्मानाबादी' आणि पत्ता 'धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा' असा टाकला, फोटो हलके केले. ३,००० रुपये एकदाच घेतले. मीच म्हणालो महिन्याचं काही ठरवू, तर म्हणाला, "गरज नाही काका, नवीन शेळ्या आल्या की माहिती तुम्हीच टाका." एक नंबरला आलो का? माहीत नाही, बघितलंही नाही. पण आता फोन करणारा भाव विचारायच्या आधी "ती दोन दाती काळी आहे का अजून?" असं विचारतो. म्हणजे तो वाचून आलेला असतो.

आपण बाजारात शेळी घेताना काय करतो? तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, कास चाचपतो. मालक कितीही गोड बोलला तरी. आणि मी इथं २१,००० रुपये दात न बघता दिले. तर या मेसेजवाल्यांचे दात कसे बघायचे, ते बचत गटाच्या ताईंना सांगितलं ते असं:

एक, त्याने तुमच्या धंद्याबद्दल काय विचारलं? फक्त वेबसाइटबद्दलच बोलत असेल तर तोच मेसेज हजार जणांना गेलेला आहे.

दोन, 'एक नंबरची गॅरंटी' म्हणाला की फोन ठेवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. पैसे देऊन वर दिसता येतं ते जाहिरातीत, आणि त्यावर ती जाहिरात असल्याची खूण असते. मॅपवर वर-खाली ठरतं ते मुख्यतः तीन गोष्टींवरून: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि तुमची ओळख किती. यातलं अंतर तर कुणालाच बदलता येत नाही.

तीन, कुठल्या शब्दाला वर आणणार, ते आधी लिहून घ्या. तो शब्द तुमचं गिऱ्हाईक खरंच टाकतं का, ते सर्च कन्सोलमध्ये बघा.

चार, चावी देऊ नका. डोमेन आपल्या नावावर, ओनर आपणच. काम करणाऱ्याला 'मॅनेजर' करा, काम झालं की काढा.

पाच, हिशोब करा. महिन्याचे पैसे निघायला किती शेळ्या जास्त विकाव्या लागतील, किती किलो पापड? उत्तर ऐकून हसू आलं तर सोडून द्या.

ताईंनी पाचवा हिशोब तिथंच बोटांवर केला. हसल्या, आणि मेसेज डिलीट केला.

शेवटी एक मागणं. तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पशुसंवर्धन खातं आहे, 'उमेद' आहे. ही मंडळी गोठा, लस, चारा, पॅकिंग याचं प्रशिक्षण देतात, उपकार आहेत. आता माल विकायला सगळ्यांनाच ऑनलाइन जा म्हणून सांगितलं जातंय, तर त्यात अर्धा दिवस याच्यासाठीही ठेवा. प्रोफाइल आपल्या नावावर कसं करायचं, लोक काय शोधतात ते कसं बघायचं, आणि असा मेसेज आला तर काय विचारायचं. दुष्काळात चाऱ्याचे पैसे कुठं जावेत आणि कुठं जाऊ नयेत, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

तुमच्यापैकी कुणी असेच पैसे घातले असतील तर खाली लिहा. लाजू नका, मीही घातलेत.