हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आम्हा निवृत्तांना आपण जिवंत आहोत हे सांगायला बँकेत जावं लागतं. यादीत आपलं नाव शोधायचं, समोर सही करायची, की पेन्शन पुढच्या वर्षापर्यंत सुरू. हल्ली अंगठ्याचं यंत्रही आलंय. पण जन्मभर भांडी घासलेल्या, कपाशी वेचलेल्या, खडू धरलेल्या बोटांवरच्या रेषा वयानं पुसट होतात आणि यंत्राला त्या सापडत नाहीत. कारकून पोरगा मग आपल्याच रुमालानं बोट पुसून देतो आणि म्हणतो, "जरा दाबून ठेवा, आजी." रांग थांबते. कोणी रागावत नाही.

अशाच एका रांगेत आमच्या शाळेतल्या मावशी भेटल्या. घंटा द्यायच्या, पाणी भरायच्या. नवरा गेला, मुलगा पुण्याला, पायांना सूज. सही करून बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "सही त करतो जी बाई दरसाली. पन काहून जगतो आपन, थेच समजत नाई."

तक्रार नव्हती ती. दुधाचा भाव विचारावा तितक्या सरळपणानं त्यांनी विचारलं होतं. मी सारी नोकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात घालवली. या प्रश्नाशी मात्र अडले. तरुणपणी हाच प्रश्न मलाही पडायचा. तेव्हा तो पुस्तकातून यायचा, रात्री यायचा, आणि त्यात एक गोडवा असायचा. उत्तर पुढं कुठंतरी आहे, चालत गेलं की सापडेल, असा भरवसा असायचा. आता पुढं फारसं काही उरलेलं नाही. हा प्रश्न आता दुपारी येतो, भांडी आवरून झाल्यावर, आणि समोर बसून राहतो.

आमच्या अचलपुरात राहून हा प्रश्न टाळता येत नाही, असं मला वाटतं. हे गावच आपल्या कामाहून जास्त जगलेलं आहे. १४९० मध्ये इथं इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा, असं इतिहासकार सांगतात. कुठला मुलगा, कुठं आला आणि साऱ्या वऱ्हाडचा धनी झाला. गाविलगड त्यानं बळकट केला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं हे राज्य गिळलं. म्हणजे आयुष्य ८४ वर्षांचं. माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा माझ्या मनात हाच आकडा आला होता: एका चांगल्या जगलेल्या म्हाताऱ्याइतकंच जगलं की हे राज्य! शहराबाहेर हौज कटोरा आहे, हौदाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी, मजल्यांची इमारत. तिथं कोण बसत होतं, संध्याकाळी काय बोलत होतं, यातलं काही उरलं नाही. राजधानीचं काम संपलं, पुढच्या काळातल्या लष्करी छावणीचं काम संपलं, गाव मात्र राहिलं. सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठी माणसं जन्मत राहिली, भांडत राहिली, लग्नं लावत राहिली.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती शकुंतला. मूर्तिजापूरहून अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला येणारी आमची अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं ती घातली ती वऱ्हाडचा कापूस उचलायला. कापूस इथून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढं विलायतेला. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं. ते १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेलचं इंजिन आलं, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्याकडची गाडीच थांबली. पाऊणशे किलोमीटरला चार-चार तास लावणारी ही गाडी. मनाला येईल तिथं थांबल्यासारखी थांबायची. शेतातून हात केला तरी थांबते, असं लोक कौतुकानं सांगायचे.

कंपनीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ही गाडी कापसासाठी आहे. ते खरंच होतं. पण माझी आई दर्यापूरहून याच गाडीनं नांदायला आली. पहिल्या बाळंतपणाला याच गाडीनं माहेरी गेली आणि मला पदरात घेऊन परत आली. आजी सांगायची, तेव्हा डब्यातल्या अनोळखी बायांनी उन्हाच्या बाजूला लुगडं धरलं होतं, वाटभर, आळीपाळीनं. त्या बायांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. कंपनीच्या एकाही वहीत त्या लुगड्याची नोंद असणार नाही. ज्या कामासाठी गाडी घडवली ते काम मावळलं. तिच्यामुळं जे घडलं ते मात्र माझ्या रूपानं अजून इथं चालतं-बोलतं आहे. माणूस कशासाठी जन्मला हा प्रश्न मी हे उमगल्यापासून जरा बाजूला ठेवला. त्याच्यामुळं कोणाला सावली मिळाली, एवढं कळलं तरी मला पुरतं.

चांदूर बाजारकडचं माधान फार लांब नाही. गुलाबराव महाराजांचं गाव. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, आणि १९१५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी देह ठेवला. एवढ्यात शंभरावर ग्रंथ. वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, पाश्चात्त्य विचारांचा समाचार. आम्हाला शाळेत हे कौतुकानं सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. वय झाल्यावर माझं लक्ष दुसरीकडेच जायला लागलं. महाराजांना दिसत नव्हतं. म्हणजे कोणीतरी त्यांना वाचून दाखवत होतं, ते बोलत असताना कोणीतरी उतरून घेत होतं. कंदिलाच्या उजेडात, डोळे चोळत. महाराजांचं आयुष्य कृतार्थ होतं याबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण त्या वाचणाऱ्याचं? त्याला कधी वाटलं असेल का, की आपलं आयुष्य दुसऱ्याची पानं उलटण्यात गेलं? मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटते, कारण मीही त्याच जातकुळीची आहे.

माझी धाकटी बहीण माझ्याजवळ राहते. केस पांढरे झाले, पण मन पाच-सहा वर्षांच्या पोरीचंच राहिलं. आईनं शेवटच्या आजारात तिचा हात माझ्या हातात दिला तेव्हा काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. तिची आंघोळ, तिची वेणी, भाजी तिखट झाली की तिचं रुसणं, पाऊस आला की तिचं अंगणात धावणं, यात माझी वर्षं गेली. लोक म्हणत, बाईंनी आयुष्य वाहून टाकलं. कोणी दया म्हणून म्हणत, कोणी स्तुती म्हणून. दोन्ही माझ्या अंगाला लागलं नाही. सकाळी ती "ताई, उठ ना वं" म्हणून माझी चादर ओढते, तेव्हा काहून जगायचं हा प्रश्न दाराबाहेरच उभा राहतो.

मात्र दुसरा एक प्रश्न आत येऊन बसला आहे. माझ्यामागं कोण?

आमच्याच तालुक्यात, परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. रेल्वे स्टेशनांवर, बसस्टँडवर, उकिरड्यावर टाकून दिलेली मुलं त्यांनी जवळ केली. कोणी मतिमंद, कोणी मूकबधिर, कोणी आंधळं. या मुलांना त्यांनी आपलंच नाव लावलं, बाप म्हणून. कितीतरी मुलींची लग्नं लावून दिली. उघड्या माळावर मुलांच्या हातून हजारो झाडं लावली, वाढवली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली तेव्हा अख्खा जिल्हा आनंदला होता. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची मागणी. कायद्यानं बालगृहातलं मूल १८ वर्षांचं झालं की बाहेर पडायचं. ज्याला आपलं नाव सांगता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही, त्यानं १८ व्या वाढदिवसानंतर जायचं कुठं? या मुलांना जन्मभर हक्काचं घर असावं, असा कायदा करा, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ऐंशी ओलांडलेला माणूस स्वतःसाठी काही मागत नाही. आपण नसताना काय होईल, याची तजवीज मागतो आहे.

म्हातारपणी अर्थाचा प्रश्न असाच पडावा, असं मला आता ठामपणे वाटतं. मी काय केलं, किती केलं, कोणी लक्षात ठेवील का, याचा हिशेब मांडत बसलं की इमादशाहीचं होतं तेच होतं: दोन सन आणि मध्ये एक रेघ. त्यापेक्षा माझ्यावाचून कोणाचं अडेल हे विचारावं, आणि ते अडू नये म्हणून अजून हात चालतात तोवर कामाला लागावं. ज्याच्यावाचून कोणाचंच अडत नाही असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. त्या शिपाई-मावशींना मी पुढं गाठलं आणि हेच विचारलं. त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, शेजारची पोरगी पोलीस भरतीसाठी पहाटे चारला धावायला जाते. तिला उठवायचं काम त्यांच्याकडं आहे. "मोबाईलच्या घंटीनं उठत नाई थे. माह्याच हाकेनं उठते." मी म्हटलं, मग तिची भरती होईपर्यंत तरी तुम्हाला मरायला सवड नाही. हसल्या. पण दुसऱ्या दिवशी मला निरोप आला: पोरीला म्हटलं, आता हळूहळू घंटीची सवय कर.

मीही सवय लावायला घेतली आहे. अमरावतीच्या पुतणीनं आपणहून धाकटीला सांभाळायचं कबूल केलं. तिच्या नवऱ्यानंही आनंदानं होकार दिला. पण धाकटीला माझ्याशिवाय झोप येत नाही. म्हणून यंदा दिवाळीत ती आठवडाभर तिकडं राहणार आहे, मी इथं. मी पुतणीसाठी एका वहीत सगळं लिहून काढते आहे. दूध गार द्यायचं, साय काढून. रात्री दिवा पूर्ण मालवायचा नाही. फटाक्यांना घाबरते, तेव्हा खोलीची खिडकी लावून रेडिओ सुरू करायचा, गाणं कुठलंही चालतं. वेणी आधी डाव्या बाजूची घालायची. उजवीकडून सुरुवात केली तर रडते, का ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. गोळ्यांचं पान अजून लिहायचं राहिलं आहे, ते डॉक्टरांना विचारून उद्या लिहीन.