दशांश चिन्हापुढचे अंक

मोटारीच्या इंजिनात बसणाऱ्या पोलादी पिनेचा व्यास मोजणारे यंत्र आपले माप आकड्याच्या रूपाने धाडत असेल असे कोणासही वाटेल. वस्तुतः ते धाडते तो मजकूर असतो, एक, दोन, टिंब, शून्य, शून्य, तीन, पाच अशी सात अक्षरे, आणि त्या अक्षरांतून ज्याची बेरीज-वजाबाकी करता येईल असा दशांश अपूर्णांक घडविण्याचे काम पलीकडच्या संगणकावरील प्रोग्रॅमला करावे लागते. हे काम इतके नित्याचे आहे की रुबी या संगणक-भाषेत त्यासाठी एक अगदी छोटा शब्द पुरतो, आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये तो शब्द किती ठिकाणी आला आहे हे मोजण्याचा प्रसंग २०१३ सालच्या नोव्हेंबरात माझ्यावर येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही ते मोजले नव्हते. तो ६३ ठिकाणी होता.

मी मूळचा पुण्याचा. २००९ साली नागोयास येऊन फुशिमी भागातील एका लहानशा कंपनीत रुजू झालो. कारिया, आंजो, ओकाझाकी या परिसरात मोटारींचे सुटे भाग घडविणारे शेकडो लहानमोठे कारखाने आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या मोजणी-यंत्रांकडून दिवसभर येणारी मापे गोळा करून कोणता भाग मर्यादेत आहे व कोणता बाद करावा याचा निर्वाळा देणे हा आमचा व्यवसाय होता. प्रोग्रॅम रुबीत लिहिलेला होता. मात्सुए येथे राहणाऱ्या मात्सुमोतो युकिहिरो यांनी १९९३ साली आरंभिलेली आणि १९९५ साली लोकांच्या हाती दिलेली ही भाषा २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली होती, आणि आपल्या भूमीतून निघालेल्या या माणकाविषयी (रुबी म्हणजे माणिकच) आमच्या कचेरीतील जपानी मंडळींना जो आदरयुक्त जिव्हाळा वाटे, तो माझ्याही मनात हळूहळू रुजला.

मात्र आमच्याकडे जी रुबी होती ती १.८.७, म्हणजे २००८ सालची. माझ्या आधी त्या जागेवर असलेल्या गृहस्थांनी ती मूळ कोडवरून स्वतः बांधून बसविली होती, त्यामुळे संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर येणाऱ्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नसत. जोपर्यंत भाषेचे पालनकर्ते स्वतः १.८.७ च्या दुरुस्त्या काढीत होते तोपर्यंत यात अडचण नव्हती. पण तिची मुदत जून २०१३ मध्ये संपेल, त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही निघणार नाहीत, हे त्यांनी फार आधीच जाहीर केले होते. मी वसंतात एक टिपण लिहून वरिष्ठांकडे दिले, त्यावर बैठक झाली आणि विषय पुढील आर्थिक वर्षापर्यंत तहकूब झाला. त्या निर्णयास मीही मान डोलावली होती, हे येथे नमूद केलेच पाहिजे. १.९ या पुढच्या शाखेवर जाणे म्हणजे नुसती आवृत्ती बदलणे नव्हते. नागोया हे नाव जपानी लिपीत तीन अक्षरांचे आहे. आमच्या दप्तरात ज्या जुन्या संकेतनाने जपानी मजकूर साठविला होता त्यात १.८ त्या नावाची लांबी सहा मोजी, कारण ती बाइट मोजत असे, आणि १.९ तीन मोजी, कारण ती अक्षरे मोजू लागली होती. भागांची नावे, कारखान्यांची नावे, कामगारांची नावे, जेथे जेथे अक्षरे मोजून तोडली होती तेथे तेथे आमचा प्रोग्रॅम चुकणार होता, आणि त्या भीतीने आम्ही मुदतीची तारीख डोळ्यांदेखत जाऊ दिली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी श्रमदिनाची सार्वजनिक सुटी, ती शनिवारीच आलेली. पुण्याहून आईने धाडलेल्या दिवाळीच्या फराळाच्या डब्यातील शेवटचा चिवडा मी सहकाऱ्यांना वाटीत होतो, आणि त्याच वेळी त्या दिवशी निघालेले सुरक्षेचे सूचनापत्र माझ्या पुढ्यात आले. मजकुरातून दशांश अपूर्णांक घडविताना, मजकूर मुद्दाम विशिष्ट रीतीने रचलेला असल्यास, प्रोग्रॅम आपल्याला नेमून दिलेल्या मेमरीची हद्द ओलांडतो. त्यामुळे तो कोसळतो, आणि प्रसंगी बाहेरच्या माणसास आपल्याला हवा तो कोड त्यात चालविता येणे शक्य आहे. १.९.३ साठी ४८४ क्रमांकाची आणि २.०.० साठी ३५३ क्रमांकाची दुरुस्ती त्याच दिवशी निघाली होती. बाधित आवृत्त्यांत १.८ च्या सर्व आवृत्त्या मोजल्या होत्या, आणि १.८ साठी त्या दिवशी काहीही निघाले नव्हते.

हा दोष कसा होता ते सांगण्याजोगे आहे. मजकुरातून अपूर्णांक घडविणे दिसते तितके सोपे नाही. अखेरच्या अंकापर्यंत अचूक उत्तर हवे तर मध्यंतरी फार मोठे पूर्णांक मांडावे लागतात. बेल प्रयोगशाळेतील डेव्हिड गे यांनी १९९१ च्या सुमारास यासाठी लिहिलेला कोड इतका उत्तम होता की तो जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमांनी उचलला, रुबीनेही. त्या कोडमध्ये मोठे पूर्णांक ठेवण्यासाठी आकारानुसार खण केलेले आहेत, दर खण आधीच्याच्या दुप्पट मापाचा, आणि खणांची संख्या ठरलेली. अंक इतके आले की शेवटच्या खणाहूनही मोठी जागा लागावी, तर काय करायचे याचा विचार त्यात नव्हता. प्रोग्रॅम नसलेला खण उघडण्यास जाई आणि दुसऱ्याच कशाच्या तरी जागेवर हात घाली. फायरफॉक्ससारख्या इतर प्रोग्रॅमांत हीच उणीव २००९ साली उघडकीस येऊन दुरुस्तही झाली होती. एकाच मुळातून अनेक घरी गेलेल्या वस्तूचा दोष एका घरी कळला तरी इतर घरी निरोप पोहोचतोच असे नाही, आणि रुबीच्या घरी तो पोहोचण्यास चार वर्षे लागली.

बाजूस पडलेल्या एका जुन्या यंत्रावर मी तो प्रकार करून पाहिला. एक, टिंब, आणि टिंबापुढे दहा लक्ष वेळा एक, असा मजकूर घडवून त्यास तो छोटा शब्द लावला. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ अशी ओळ उमटली आणि रुबी नाहीशी झाली. माझ्या पोटात खड्डा पडला. ज्या यंत्रांकडून आम्ही सात अक्षरांचे माप घेत होतो, त्यांची मापे आमच्याकडे इंटरनेटवरून येत होती. तेथून सात अक्षरेच येतील अशी खातरजमा आमचा प्रोग्रॅम कोठेही करीत नव्हता.

कारखाने शनिवार-रविवार बंद असत, म्हणून सोमवारच्या पहिल्या पाळीपूर्वी काम आटोपणे भाग होते. दुरुस्तीचा मजकूर मी वाचला तेव्हा तिच्या साधेपणाने चकित झालो. संगणक ज्या रूपात अपूर्णांक ठेवतो त्यात पंधरा-सोळा अंकांपुढचे अंक मावतच नाहीत. तेव्हा टिंबापुढचे फार लांबचे अंक उत्तरात काहीही फरक करीत नाहीत, म्हणून एका मर्यादेनंतर ते सोडून द्यावेत, एवढाच तिचा आशय. १.८.७ च्या जुन्या कोडमध्येही तोच भाग होता. त्या मोजक्या ओळी हाताने तेथे बसवून नवी रुबी बांधायची, आणि १.९.३ वर जाण्याची तजवीज ताबडतोब सुरू करायची, असे ठरले.

शनिवारी सकाळी कचेरीत आम्ही दोघेच होतो: मी, आणि साठी उलटल्यावर करारावर पुन्हा रुजू झालेले आमचे वडीलधारे सहकारी, ज्यांना मी सेंपाई म्हणत असे. येथील भुयारी रेल्वेचा चालक सिग्नलकडे बोट रोखून, मोठ्याने नाव घेऊन, ‘योशी’, म्हणजे ठीक, असे म्हणतो आणि मगच गाडी हाकतो. सेंपाई तीच रीत संगणकासमोर पाळीत. मी प्रत्येक आज्ञा लिहून थांबे, ते पडद्यावर बोट टेकवून ती अक्षर-अक्षर वाचीत, यंत्राचे नाव, फोल्डरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, आणि मग ‘योशी’. घाईच्या दिवशी ही रीत कोणाला वेळकाढूपणा वाटेल. त्या सकाळी तिने आमची एक चूक टाळली: मी बांधलेली रुबी चालू यंत्राच्या नावावर उतरविण्यास निघालो होतो, आणि सेंपाईंचे बोट त्या नावावर येऊन थबकले.

“हे नव्हे. बाजूचे यंत्र आधी.”

बांधणी चालू असताना, काळ्या पडद्यावर ओळी सरकत असताना, त्यांनी आपल्या बालपणाविषयी प्रथमच काही सांगितले. २६ सप्टेंबर १९५९ च्या रात्री इसे आखातावरून आलेल्या वादळाने समुद्र नागोयाच्या सखल भागात घुसला तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि मिनामी विभागात राहत होते. बंदरातील लाकडाच्या साठ्यांतून सुटलेले अजस्र ओंडके पाण्याबरोबर वस्त्यांत शिरले. पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. जपानने आपत्तिनिवारणाचा मूलभूत कायदा केला तो त्यानंतर, १९६१ साली. मी त्यांना सांगितले की त्याच वर्षी, १२ जुलैस, आमच्या पुण्याच्या वर पानशेतचे धरण फुटले, आणि वाड्याच्या भिंतीवर पाणी कोठवर चढले होते ते वडील आम्हा मुलांना बोट लावून दाखवीत. “बांध होता?” त्यांनी विचारले. होता, मी म्हटले; नवाच होता, पहिल्याच पावसाचे पाणी त्यात अडविले होते. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडेही होता, एवढेच थोड्या वेळाने म्हणाले.

बांधणी पुरी झाली. बाजूच्या यंत्रावर मी तोच दहा लक्ष अंकांचा मजकूर पुन्हा दिला. क्षणभराने उत्तर आले: एक, टिंब, आणि पुढे चौदा वेळा एक. सेंपाईंनी ते चौदा एक बोट लावून मोजले. योशी.

रविवारी दुपारपर्यंत सर्व यंत्रे बदलली. प्रोग्रॅमच्या दारातच, बत्तीसहून अधिक अक्षरांचे माप आले तर ते न वाचता परत धाडावे, अशी तपासणी मी बसविली. ती पहिल्या दिवसापासून असावयास हवी होती. संध्याकाळी घराजवळच्या चहा-कॉफीच्या दुकानात बसून, लोणी लावलेल्या जाड पावावर लाल चवळीसारख्या शेंगेच्या दाण्यांचे गोड पुरण पसरून देतात तो नागोयाचा प्रसिद्ध टोस्ट खाताना, आमच्या पुरणपोळीची आठवण होऊन, मी दोन दिवसांत प्रथमच स्वस्थ झालो.

त्या आठवड्यात ज्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली ते भाषेचे जनक नव्हते. नवी आवृत्ती निघते तेव्हा नवे गुण येतात, उत्सव होतो, आणि रुबीत तर ती प्रथा नाताळच्या दिवशीची आहे. परंतु जुन्या शाखा जिवंत ठेवणे हे निराळेच काम आहे, आणि ते करणारी माणसे निराळी असतात. मुख्य शाखेत झालेल्या असंख्य बदलांतून जुन्या शाखेवर कोणता आणावा, कोणता आणू नये, कोणता आणल्यास लोकांचे चालू काम बिघडेल, हे एकेक करून निवडावे लागते. नवे काही द्यायचे नाही, जुने काही हलू द्यायचे नाही, आणि दोष मात्र काढायचा. त्या वेळी १.९.३ ची शाखा उसाकु नाकामुरा आणि २.०.० ची तोमोयुकी चिकानागा सांभाळीत होते. त्यांच्या श्रमाचा लोकांना दिसणारा भाग म्हणजे आवृत्तीच्या शेपटीला लागलेला एक क्रमांक, आणि तो क्रमांक आपण किती सहज ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूस सारतो! आमच्याकडे तो बाजूस सारण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला तीत मी होतो, म्हणून हे मी अधिकाराने लिहितो: जो हा क्रमांक चुकवितो त्याने दुसऱ्या कोणाचे श्रम फुकट घालविलेले असतात, आणि ज्यांची मापे, नावे, पैसे त्याच्या यंत्रांवर आहेत त्यांना न विचारता धोक्यात घातलेले असते.

१.९.३ वर जाण्यास आम्हाला मार्चअखेर लागली. मोजलेली अक्षरे जेथे जेथे तुटली तेथे तेथे जोडली. त्यानंतर कंपनीत एक शिरस्ता पडला: दुरुस्ती निघाल्यापासून तीन दिवसांच्या आत बाजूच्या यंत्रावर, आणि शाखेची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने पुढच्या शाखेवर. बैठकीत तो तहकूब करता येत नाही.

१२ एप्रिल २०२२ रोजी, मंगळवारी, पुन्हा सूचनापत्र निघाले. मजकुरातून दशांश अपूर्णांक घडविणारा तोच भाग, यावेळी हद्दीबाहेरची मेमरी वाचण्याचा दोष. एकाच दिवशी चार दुरुस्त आवृत्त्या आल्या: २.६.१०, २.७.६, ३.०.४ आणि ३.१.२. सेंपाई तोवर कायमचे निवृत्त झाले होते. नव्या सहकारिणीने आज्ञा वाचल्या, मी लिहिल्या, आणि रात्री नऊच्या आत सर्व यंत्रे ३.०.४ वर गेली. त्या चारांपैकी २.६.१० ही २.६ या शाखेची अखेरची आवृत्ती होती. त्या दिवशी आमच्याकडे २.६ वर चालणारे एकही यंत्र नव्हते.